सिमेंटखाली सापडलेली भिंत

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री आमच्या वाड्याच्या पुढच्या भिंतीचा गिलावा पडला. पडला म्हणजे थोडाथोडका नाही, चार-साडेचार फुटांचा अख्खा पापुद्रा सुटून गल्लीत आला, नशीब रात्रीचे दीड वाजले होते, नाहीतर त्या ओट्यावर संध्याकाळी कायम कोणी ना कोणी टेकलेलं असतं. सकाळी सहाला काकांचा फोन, "अगं ये बरं जरा इकडे, भिंत उघडी पडलीये." मी राहते इंदिरानगरला आणि वाडा जुन्या नाशकात, तिवंध्याच्या अलीकडच्या गल्लीत, तिथं आता फक्त काका-काकू राहतात आणि मागच्या खोल्यांत एक जुनं भाडेकरू कुटुंब. रस्ताभर माझ्या डोक्यात एकच, आता भिंतच जाणार, नोटीस येणार, संपलं सगळं.

पोचले तर काका छत्री घेऊन भिंतीसमोर उभे. मला म्हणाले, "बघ, मी पन्नास वर्षांत या विटा बघितल्या नव्हत्या."

मी पण नव्हत्या बघितल्या. माझ्या आठवणीत ती भिंत कायम सिमेंटची, आधी पिस्ता कलरची आणि मग क्रीम. आणि त्याखाली ही अशी पातळ, चपट्या विटांची भिंत होती, आजच्या विटेच्या निम्मी पण जाडी नसेल एकेका विटेची, आणि दोन विटांमधला चुन्याचा थर मात्र चांगला बोटभर. एका विटेवर तर थापणाऱ्याची तीन बोटं उमटलेली होती. ओली माती साच्यातून काढताना कोणाचा तरी हात लागला असणार, आणि ती तशीच भाजली, तशीच भिंतीत बसली. मी त्या खळग्यांत माझी बोटं ठेवून बघितली, माझ्यापेक्षा बारीक बोटं होती ती, बाईची किंवा पोराची असतील.

पण खरी गोष्ट मला काकांनी दाखवली. भिंतीच्या वरच्या भागात सिमेंटच्या खाली जुना चुन्याचा गिलावा तसाच राहिलेला होता, बहुतेक तेव्हाच्या गवंड्यानं कंटाळा केला आणि न खरवडता वरूनच सिमेंट मारलं. तिथली वीट कोरडी, ठणठणीत, टिचकी मारली तर टणक आवाज. आणि खालच्या भागात जिथं सिमेंट थेट विटेवर बसलं होतं तिथं विटेचं तोंडच गिलाव्याबरोबर निघून आलं होतं, आत नुसता लाल भुगा, बोट घातलं तर पेराएवढं आत जायचं. एकच भिंत, एकच वीट, पाऊस पण एकच, आणि फरक फक्त अंगावर काय चढवलं याचा. त्या दिवसापासून मी हा विषय सोडलेला नाही आणि हे सगळं लिहायचं कारणही तेच आहे, कारण आपल्या गावठाणात अजून रोज कुठे ना कुठे कोणीतरी चांगल्या भावनेनं जुन्या भिंतीला सिमेंट लावतंय.

चांगल्या भावनेनंच लावतात हे मला मुद्दाम सांगायचंय. आमच्याकडे ते १९९१ च्या सिंहस्थाच्या आधी केलं होतं. वडील आणि काका दोघंही नोकरीला लागलेले, हातात पैसे आलेले, सिंहस्थाला पाहुणे येणार म्हणून घर नीट करू, आणि तेव्हा सिमेंट म्हणजे पक्कं काम, चुना म्हणजे जुनाट, असंच सगळे समजायचे. वडिलांनी त्या कामासाठी पतपेढीचं कर्ज काढलं होतं. त्यांना दोष देणं मला जमणार नाही. आजी मात्र तेव्हापासून कुरकुर करायची, देवघराच्या भिंतीला हात लावून म्हणायची, "ही भिंत आता घामेजते रे." आधी नव्हती घामेजत. आम्हाला वाटायचं म्हातारपणी काहीतरी बोलते, पण तिचं बरोबर होतं.

तर होतं काय, मला जसं कळलं तसं सांगते. चुन्याची भिंत पाणी पिते. पावसाळ्यात ती ओली होते आणि उघडीप पडली की ते पाणी बाहेर टाकते, वाळते. तिला पाणी अडवायचं नसतंच, तिला फक्त वाळायला वाट लागते. सिमेंटचा गिलावा कडक, घट्ट, त्याला एक-दोन पावसाळ्यांत केसासारख्या भेगा जातात, त्या भेगांतून पाणी आत शिरतं पण बाहेर पडायला मात्र जागा नाही. जमिनीतून चढणारी ओल पण तशीच आत कोंडते. मग ते पाणी विटेतलं, मातीतलं मीठ विरघळवत हळूहळू फिरत राहतं आणि जिथं कुठं वाळायला मिळेल तिथं ते मीठ मागे सोडतं. यालाच आपण लोणा लागला म्हणतो. भिंतीवर पांढरी पूड दिसते ती वरची, ती पुसली तरी चालते, पण खरा घात आत होतो, गिलाव्याच्या मागे, विटेच्या बारीक छिद्रांत त्या मिठाचे खडे होतात, फुगतात आणि विटेचं तोंड आतून फोडतात. बाहेरून क्रीम कलर एकदम मस्त, आणि आत विटेचा भुगा. म्हणूनच आमचा गिलावा इतकी वर्षं टिकला आणि मग एका रात्रीत अख्खा आला.

अजून एक गोष्ट, आणि ही आमच्या सगळ्या गल्लीची आहे. आमच्या ओट्याला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, जुन्या फोटोत दिसतात, माझ्या भावाचा मुंजीतला फोटो आहे त्या पायऱ्यांवर बसलेला. आता एकच पायरी उरली आहे. ओटा खचला नाही, रस्ता वर आला. डांबर, त्यावर डांबर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक, कोणी जुना थर काढतच नाही. वाड्याचं जोतं काळ्या घडीव दगडाचं कशासाठी बांधलं होतं, तर जमिनीची ओल आणि पावसाचे शिंतोडे या दगडावर राहावेत, वर विटेपर्यंत जाऊ नयेत. ते जोतंच अर्धं गाडलं गेलं तर पावसाचं पाणी थेट विटेवर उडणार. उड्या मारणारं पाणी रोज, चार महिने. नवीन रस्ता करताना जुना थर आधी खोदून काढा एवढंच आमचं म्हणणं असतं, आणि ते दर वेळी ऐकून घेतलं जातं आणि काम तसंच होतं.

आमचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, इतका घट्ट की त्याच्या पोटातून पाणी फारसं जातच नाही, जे जातं ते दरजांमधून, म्हणजे दोन दगडांच्या सांध्यातून. या दरजा चुन्यानं भरलेल्या असायच्या. ओल वर चढली की त्या दरजांमधूनच ती बाहेर निघून जायची. सात-आठ वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं आमच्या जोत्याच्या दरजा ग्राइंडर लावून कापल्या आणि त्यात सिमेंट भरून दिलं, वरून काळ्या रंगानं रेघा पण मारल्या, दिसायला एकदम व्यवस्थित. ते मीच करून घेतलं होतं. परिणाम काय झाला, तर जोत्यातून बाहेर पडणारी ओल कोंडली आणि ती वर विटेत चढली. शिवाय दगडांच्या कडांवर ग्राइंडरच्या पात्याचे सरळ काप कायमचे बसले. त्या दगडांवर जवळून बघितलं तर टाकीचे घाव दिसतात, तिरपे, एकाला लागून एक, पाथरवटाचा हात कसा चालला असेल ते कळतं, आणि त्याच्या मधोमध हे मशीनचे काप. ते आता कशानं जाणार नाहीत. कोणी तुमच्या दरजांना ग्राइंडर लावत असेल तर कृपा करून थांबवा, छिन्नी-हातोडीनं हळूहळू काढायला सांगा, चार दिवस जास्त लागतील.

गिलावा पडल्यावर पहिला जो ठेकेदार बघायला आला त्यानं पाच मिनिटांत उपाय सांगितला, जाळी मारू, वॉटरप्रूफिंगचं केमिकल घातलेलं सिमेंट मारू, वर टेक्स्चर पेंट, पंधरा दिवसांत भिंत नवी. दुसरा आला तो म्हणाला पाडाच. तिसऱ्यानं तर भिंतीकडे बघितलंच नाही, तो दिंडी दरवाजाकडे आणि सज्ज्याखालच्या नक्षीच्या टेकूंकडे बघत होता आणि जाताना हळूच काकांना विचारून गेला, लाकूड द्यायचं असेल तर गिऱ्हाईक आहे. असे लोक गावठाणात फिरतच असतात, आणि आपले खांब, तुळया, दरवाजे ट्रकमध्ये चढून कुठल्या तरी हॉटेलच्या रिसेप्शनला किंवा फार्महाऊसला जातात. काका त्या दिवशी जेवले नाहीत.

मग एका ओळखीतून मिस्त्री मिळाले. सिन्नरकडचे, वय सत्तरच्या पुढे, वडिलांबरोबर देवळांच्या कामावर वाढलेले. ते आले आणि आधी काही बोललेच नाहीत, हातोडीच्या दांड्यानं सगळी भिंत ठोकत फिरले, जिथं पोकळ वाजेल तिथं कोळशानं खूण. अर्ध्या तासात भिंतीवर नकाशा तयार. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, भिंत मेलेली नाही. अंगावरचं काढायला लागेल." मी विचारलं, मग नवीन काय लावायचं, मजबूत पाहिजे ना? तर म्हणाले, "भिंतीपेक्षा मजबूत नको. भिंतीपेक्षा मऊ पाहिजे. काही फुटायचं असेल तर आपण लावलेलं फुटावं, वीट फुटू नये. आपलं परत लावता येतं."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. नंतर मी जे काही वाचलं, हेरिटेजचं काम करणाऱ्या आर्किटेक्ट लोकांशी बोलले, ते सगळे पण शेवटी हेच सांगतात, दुरुस्तीचा माल मूळ मालापेक्षा कमी कडक हवा, आणि पुढच्या पिढीला तो परत काढता आला पाहिजे.

चुन्याचं काम मी पहिल्यांदा बघितलं. कळीचा चुना आणला, पांढरे दगडासारखे खडे, हलके. मागच्या चौकात मोठं पिंप मांडलं, मिस्त्रींनी आधी सगळ्यांना लांब उभं केलं, त्यांच्या नातवाला डोळ्यांना गॉगल लावायला लावला, आणि पाण्यात खडे सोडले. दोन-तीन सेकंद काहीच नाही. मग एकदम सूं सूं आवाज, वाफ, आणि पाणी अक्षरशः उकळायला लागलं, खालून कोणी जाळ लावल्यासारखं. खाली जाळ नव्हता, हे सगळं त्या चुन्यातच, भट्टीत चुनखडीनं घेतलेली उष्णता आता ती पाण्यात परत देत होती. पिंपाला हात लावता येत नव्हता. काकू आतून बघायला आल्या आणि म्हणाल्या, "माझ्या माहेरी असंच व्हायचं, दिवाळीच्या आधी." तो विरलेला चुना मग पाण्याखाली तसाच ठेवायचा, मिस्त्री म्हणाले जेवढा मुरेल तेवढा लोण्यासारखा होतो, आम्ही महिनाभर ठेवला. खरंच लोण्यासारखा झाला, थापीवरून सरकायचा.

मधल्या काळात सिमेंट उतरवायचं काम. इलेक्ट्रिक ब्रेकर नाही, हातानं, छिन्नी आडवी धरून, कारण सरळ मारली तर विटेला लागते. एक माणूस दिवसाला जेमतेम खाटेएवढा भाग करायचा. निघालेल्या फुटक्या जुन्या विटा मिस्त्रींनी टाकू दिल्या नाहीत, सिमेंट चिकटलेल्या बाजूला काढल्या आणि बाकीच्या कुटून चाळून त्याची सुरखी केली. म्हणजे भिंतीचीच वीट परत भिंतीच्या गिलाव्यात गेली. चुना, धुतलेली वाळू, सुरखी, त्यात हिरड्याचं पाणी आणि थोडं गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. प्रमाण विचारलं तर ते एक आकडा सांगायचे आणि करताना हातात घेऊन, दाबून, वास घेऊन बदलायचे. चुन्यात सुरखी घातली की तो ओलीत पण घट्ट होतो, म्हणून खालच्या भागाला सुरखी जास्त आणि वर कमी, हे मला त्यांच्या नातवानं समजावलं. तो पोरगा एकोणीस-वीस वर्षांचा, आयटीआय झालेला, आजोबांबरोबर पहिल्यांदाच असं काम करत होता आणि मोबाईलवर सगळं शूट करून ठेवत होता.

गिलावा दोन थरांत झाला, थापीनं ठोकून ठोकून बसवायचा, नुसता घासून नाही. आणि मग सगळ्यात अवघड भाग म्हणजे थांबायचं. सिमेंट दुसऱ्या दिवशी दगड होतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत चुनखडी होत जातो, बाहेरून आत, फार सावकाश, महिनोन्‌महिने. म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर काढायचं, दसऱ्यानंतर ते थंडी संपेपर्यंत, चैत्राच्या उन्हात चुना पटकन सुकतो आणि तडकतो. आमच्या भिंतीवर आम्ही ओली पोती टांगली होती आणि काका रोज सकाळ-संध्याकाळ पंप घेऊन ती भिजवायचे, सत्तावीस दिवस, त्यांनी कॅलेंडरवर खुणा केल्या आहेत. येणारे-जाणारे विचारायचे, अहो काय चाललंय, तर काका प्रत्येकाला थांबवून पूर्ण माहिती द्यायचे. त्यांची तब्येत त्या महिन्यात जेवढी चांगली होती तेवढी मी अलीकडे बघितली नव्हती.

लाकडाचं थोडक्यात सांगते. सज्ज्याखालच्या टेकूंवर ऑइलपेंटचे सहा थर निघाले, क्रीम, हिरवा, निळा, परत हिरवा, चॉकलेटी आणि सगळ्यात खाली गेरूसारखा लाल. त्याखाली सागवान, आणि ज्याला आम्ही लहानपणापासून नुसता गोळा समजत होतो तो पोपट निघाला, चोचीत फळ धरलेला. पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असतं, त्यामुळे ते मशीननं घासून धूळ उडवायची नाही, तोंडाला मास्क लावून ओलं करून किंवा पेंट रिमूव्हर लावून खरवडायचं, आणि घरात लहान मुलं असतील तर त्या दिवसांत त्यांना लांब ठेवायचं. सुतारानं नंतर जवसाचं तेल पातळ करून तीन हात दिले, मधे वाळू देऊन. तेल दर दोन-तीन वर्षांनी परत लावायला लागेल. ऑइलपेंटनं लाकडाचं पण भिंतीसारखंच होतं, एका भेगेतून पाणी आत गेलं की बाहेर पडत नाही, आणि आत कुजतं, वाळवीला आयतं मिळतं.

हे परत परत करायला लागणं, यालाच लोक कंटाळतात आणि म्हणून एकदाच पक्कं करून टाका म्हणतात. मला इथं रहाडीची, म्हणजे रंगपंचमीला रंग खेळायच्या जुन्या हौदाची, आठवण येते. आमच्या तिवंध्याला पेशव्यांच्या काळातली रहाड आहे, नाशकात अशा मोजक्याच उरल्यात, रंगपंचमीला उघडतात. वर्षभर ती रस्त्याखाली झाकलेली असते, लाकडं आणि माती टाकून, वरून माणसं, गाड्या सगळं जातं. रंगपंचमीच्या आधी ती उकरायची, साफ करायची, पूजा करायची, रंग भरायचा, लोक धप्पे मारणार, आणि मग परत नीट बुजवायची. इतक्या वर्षांनी ती चांगली का राहिली, तर दर वर्षी कोणीतरी ती उघडून बघतं आणि बिघडलेलं तेव्हाच नीट करतं. वाड्यांचं पण तेच होतं. दिवाळीआधी चुन्याचा हात मारायचे, त्यात थोडी नीळ, थोडा डिंक. तो चुना पावसात झिजायचा आणि पुढच्या दिवाळीला परत लागायचा. झिजायचा तो चुना, मागचा गिलावा आणि वीट तशीच. पावसाळ्याआधी कौलं शाकारायची, पन्हळीतला पाला काढायचा, भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर बोटाएवढं असतानाच मुळासकट काढायचं. आज पिंपळ भलामोठा होईपर्यंत वाढतो आणि मग लोक भिंतच काढतात.

आणि माणसं हे करत नाहीत यामागं आळस एवढंच कारण नाही हे मी जवळून बघितलंय. एकेका वाड्याला बारा-पंधरा हिस्सेदार, निम्मे पुण्याला नाहीतर अमेरिकेत, भाडेकरू जुन्या भाड्यावर, त्या भाड्यात वर्षाचा चुना पण येत नाही, कोर्टात केस चालू, मग कोण कुठल्या भिंतीला हात लावणार. आम्हाला पण पाच चुलत घरांच्या सह्या घ्यायला चार महिने लागले. दर मे महिन्यात धोकादायक वाड्यांना नोटिसा लागतात, पावसाळ्यात एखादा वाडा खरंच पडतो, कधी माणसं जातात, आणि मग सगळ्यांनाच वाटतं पाडून मोकळं व्हावं. जो वाडा खरंच धोक्याचा झालाय त्यातून माणसं आधी बाहेर काढलीच पाहिजेत, याबद्दल माझं काही दुमत नाही. पण गल्लीत एक वाडा पाडला की शेजारच्याचं काय होतं हे कोणी बघत नाही. आपल्याकडे वाडे खांद्याला खांदा लावून उभे, मधली भिंत सामाईक, आणि ती मधली भिंत आतली म्हणून कच्च्या भेंड्यांची, म्हणजे न भाजलेल्या मातीच्या विटांची, तिला पाऊस माहितीच नाही. शेजार पाडला की ती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात वितळायला लागते. आमच्या पश्चिमेला हेच झालंय, तिथं आता काचेची आणि ॲल्युमिनियमच्या एसीपी शीटची बिल्डिंग आहे आणि तिच्या आणि आमच्या भिंतीमधे वीतभर फट, त्या फटीत वरचं सगळं पाणी. तिथं कोणाचा हात पण जात नाही.

अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं, तिथल्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या मोहल्ल्यांत, आपल्यासारखीच लाकडाची आणि विटांची घरं, आपल्यासारखेच हिस्सेदारांचे तंटे. पण तिथं जुनं घर जपणाऱ्याला न वापरलेला एफएसआय, म्हणजे त्या जागेवर अजून जेवढं बांधकाम करता आलं असतं तो हक्क, टीडीआर म्हणून दुसऱ्या बांधकामासाठी विकता येतो आणि त्या पैशातून दुरुस्ती करता येते. घर जपणाऱ्याच्या हातात चार पैसे आले पाहिजेत, नुसतं त्याला वारसा म्हणून हार घालून उपयोग नाही. आमचं काम सिमेंटच्या कोटेशनच्या दीडपटीला गेलं आणि ते आम्ही पाच घरांनी वाटून घेतलं, हे सगळ्यांना जमेल असं नाही.

आपल्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, जा एकदा सकाळी, ऊन कोवळं असताना. नारोशंकराचं देऊळ १७४७ चं, सुंदरनारायण १७५६ चं, काळाराम, सगळीकडे तोच काळा दगड. पूर आला की पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवर कुठपर्यंत चढलं यावरून आपण पूर मोजतो, २००८ ला बघितला, २०१६ ला, २०१९ ला, दर वेळी घाटावरची पाण्याखाली गेलेली जुनी देवळं पाणी उतरल्यावर तशीच उभी. कारण तो दगड आणि त्या दरजा पाणी झेलायलाच बांधल्या आहेत. सुंदरनारायणाचं काम राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं हातात घेतलं तेव्हा मी मुद्दाम जाऊन बघायचे, झिजलेला दगड उतरवून तसाच दगड घडवून बसवायचा, याला वर्षं लागली आणि लोक म्हणायचे किती वेळ लावताय. एवढा वेळ लागतोच. त्याउलट काही लहान देवळांत भक्तीनं म्हणून काळ्या दगडावर ऑइलपेंट मारलाय, गाभाऱ्यात बाथरूमसारख्या टाईल्स बसवल्यात, पायऱ्या ॲसिडनं धुतल्या जातात. ॲसिड दरजांतला चुना खातं, हे धुणाऱ्याला कोणी सांगितलेलं नसतं. दगड मळला असेल तर साधं पाणी आणि मऊ ब्रश, तारेचा नको, वाळूचा मारा करणारं मशीन तर अजिबात नको, त्यानं दगडाचं वरचं अंगच निघून जातं आणि टाकीचे घाव पण. सिंहस्थ तोंडावर आहे, घाटावर आणि गावठाणात कामं निघणार, रंगरंगोटी होणार. माझी हात जोडून विनंती आहे, ज्यांच्या हातात थोडंसं जरी आहे, देवळाचे विश्वस्त, पुजारी, वाड्यांचे मालक, वॉर्डातली मंडळी, दगडाला रंग मारू देऊ नका आणि दरजात सिमेंट भरू देऊ नका. चुना करणारे हात अजून आहेत. थोडे आहेत, पण आहेत.

आणि घरी स्वतःला बघायचं असेल तर सोपं आहे. भिंत ठोकून बघा, पोकळ वाजते का. एक वीतभर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीला दोन दिवस चिकटवून ठेवा, भिंतीच्या बाजूला थेंब धरले तर ओल भिंतीतून येतेय, खोलीच्या बाजूला धरले तर हवेतली आहे. खाली रस्त्याची पातळी आणि तुमच्या घराची जमीन यात किती फरक उरलाय ते बघा. आणि पन्हळ, कायम आधी पन्हळ बघा, आमच्या देवघराच्या ओलीचं अर्धं कारण एक फुटकी पन्हळ होती.

या पावसाळ्यात भिंतीची पहिली परीक्षा झाली. आषाढात पाच दिवस उघडीप नव्हती तेव्हा भिंत ओली होऊन काळपट पडली आणि काका घाबरले, मला फोन, मी मिस्त्रींना फोन. ते म्हणाले, "ओली होऊ द्या ताई, ती पाणी पितेय. ऊन पडलं की फोन करा." ऊन पडल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी भिंत वरून खाली फिकी होत गेली, संध्याकाळपर्यंत पूर्ववत. देवघरात काकूंनी भिंतीला हात लावून बघितला आणि मला पण लावायला लावला. कोरडी होती.

खाली डाव्या कोपऱ्यात दोन ठिकाणी गिलाव्याला बारीक पापुद्रे आलेत, तिथं मीठ अजून बाहेर येतंय, मिस्त्री म्हणाले येऊ द्या, ते खरवडून परत लावू, दोन-तीन वर्षं तेवढं चालेल. आता दसऱ्यानंतर पश्चिमेची भिंत काढायची आहे, ती फटीतली, वरून पत्र्याची टोपी घालून पाणी आधी वळवायचं आणि मग बघायचं किती हात पोचतो ते. चुना पिंपात मुरत टाकलाय. बोटं उमटलेली वीट मिस्त्रींनी गिलाव्यात झाकली नाही, दारापासून चौथ्या थरात उजवीकडे ती उघडी ठेवली आहे, गल्लीतली पोरं जाता-येता तिच्यात बोटं घालून बघतात.